फुकट पत्रांचें मोल

आमच्या आजीच्या पोथ्यांचें गाठोडें परवां सोडलें, तेव्हां गुरुचरित्राच्या दोन अध्यायांमध्यें घडी घालून ठेवलेला एक फिकट गुलाबी कागद हातीं लागला. आजीला जाऊन तीस वर्षें झालीं. गाठोडें मात्र महालांतील वाड्यांतून धंतोलीच्या बिऱ्हाडीं आणि तेथून हल्लींच्या घरीं, कोणीहि न सोडतां, जसेंच्या तसें आलेलें होतें. कागद उलगडला तों ती नाटकाची जाहिरात निघाली. माथ्यावर गणपतीचा ठसा, त्याखालीं मोठ्या टायपांत 'संगीत सौभद्र', मग तिथि व वार, 'रात्रौ ठीक ९ वाजतां', खुर्चीचे व पिटाचे दर, मुलांस निम्मे दर, आणि अगदीं खालीं बारीक अक्षरांत, स्त्रियांकरितां बसण्याची स्वतंत्र व्यवस्था केली असल्याचें आश्वासन. मंडळीचें नांव जेथें असावयाचें तो कोपरा कसरीनें खाल्ला आहे. पौषांतील तिथि आहे, शनिवार आहे; सन नाहीं.

सन नसावें याचें प्रथम मला नवल वाटलें. पण थोडा विचार केल्यावर तें ओसरलें. शनिवारच्या खेळाचा कागद गुरुवारीं वाटावयाचा. तो हातीं घेणाराला चालू सन कोणतें हें सांगण्याची गरज काय? रविवारची सकाळ झाली कीं त्याचें आयुष्य संपलें. मग त्यांत वाण्यानें हिंग बांधावा कीं मुलांनीं त्याची होडी करावी. छापविणाराचें काम झालेलें असे. शिवाय तो फुकट मिळालेला. ज्या वस्तूला दाम पडला नाहीं ती जपून ठेवण्याची बुद्धि मनुष्याला सहसा होत नाहीं.

आजी मात्र लहानपणीं आपण नागपुरांत 'सौभद्र' पाहिल्याचें सांगत असे. आणि घरांतील वडील मंडळी हंसत. आमच्या घरची मुलगी त्या काळीं नाटकाला जाणेंच शक्य नाहीं, कोणाचें तरी ऐकून म्हातारी तें आपलें म्हणून सांगते, असें ठरून गेलें होतें. पुढें पुढें तीहि सांगेनाशी झाली. हा कागद पाहिल्यावर, त्या हंसणाऱ्यांत मीहि होतों याची आठवण झाली, आणि या खेळाचें साल शोधून काढावें असें मनानें घेतलें. माझा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. संशोधनाची शिस्त मला नाहीं. तरी जुन्या वाचनालयांत बसून त्या सुमाराच्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली चाळणें कोणालाहि जमण्याजोगें आहे. मीं त्या चाळल्या. सभांचे वृत्तांत, ठराव, म्युनिसिपालिटींतील भांडणें, कापसाचे भाव, सरकारी नेमणुका, सर्व कांहीं यथासांग सांपडलें. पण कोणत्या शनिवारीं कोणती मंडळी शहरांत होती, कोण गायलें, लोक कितपत रमले, याविषयीं चारदोन ओळी मिळाल्या तर मिळाल्या. शहराचा दिवस कागदावर उतरला होता. रात्र उतरली नव्हती.

त्या संपादकांना दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. १९०७ ची काँग्रेस नागपुरास भरावयाची होती; जहाल-मवाळांच्या झगड्यामुळें ती सुरतेस नेली गेली आणि तेथें मोडली. १९२० सालीं ती नागपुरास भरली तेव्हां असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालें. १९२३ च्या झेंडा-सत्याग्रहांत तर देशभरांतून स्वयंसेवक येऊन येथील तुरुंग भरून गेले. अशा दिवसांत थोडक्या पानांच्या पत्रानें तुरुंगांत गेलेल्यांचीं नांवें छापावींत, कीं सुभद्रेचें काम करणाऱ्या नटाचा आवाज दुसऱ्या अंकांत बसला होता हें लिहावें? मी त्या जागीं असतों तर मींहि नटाचा आवाज गाळला असता. मात्र त्या गाळलेल्या ओळींचें मोल आज मला द्यावें लागत आहे.

गंभीर पत्राशेजारीं रंजनाचें निराळें पत्र असावें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यास 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें. 'केसरी' १८८१ पासून चालू होता, आगरकरांचा 'सुधारक' १८८८ पासून. आणि दोहोंतील वाद कडाक्याचे. हीं पत्रें ओसरीवर मोठ्यानें वाचावयाचीं व त्यांवरून भांडावयाचें, अशीच रीत. आपट्यांनीं तें भांडण ओसरीवरच ठेवून माजघरांत शिरण्याची वाट काढली. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणुकी'तूनच हप्त्याहप्त्यानें बाहेर पडली. यमूची ती हकीकत ज्या बायकांनीं आठवड्यामागून आठवडा वाचली किंवा वाचून घेतली, त्यांपैकीं पुष्कळजणींच्या हातीं दुसरें कोणतेंहि वर्तमानपत्र कधीं पडलें नसेल. राजकारणाच्या धुमाळींत पाव शतकाहून अधिक काळ असें पत्र चालविणें ही लहानसहान कामगिरी नव्हे. तरीहि माझ्या शोधाला 'करमणुकी'चा उपयोग नाहीं. हें पत्र रंजन घरपोंच करी. गांवांत चाललेल्या रंजनाची खबर देणें हें त्यानें आपलें काम मानलें नव्हतें.

येथें थोडें विषयांतर करतों. फुकट वर्तमानपत्र ही गोष्ट परदेशची म्हणून आपण ऐकतों. पण खरें पाहतां मराठी वाचकाला पत्र प्रथमपासून फुकटच मिळत आलें आहे. वर्गणी आगाऊ देणारास एक दर आणि मागाहून देणारास चढा दर, अशी जुन्या पत्रांची रीत होती. आणि चढा दर पत्करणारे वर्गणीदार पुष्कळदां कोणत्याच दरानें पैसे देत नसत. थकबाकीदारांस केलेल्या काकुळतीच्या विनंत्या हा जुन्या मराठी पत्रांतील एक ठरलेला मजकूर आहे. शिवाय एका अंकावर आळीची आळी पोसली जाई. ॲडिसननें १७११ सालीं 'स्पेक्टेटर'च्या दर प्रतीमागें वीस वाचक धरले होते. आमच्या महालांत तो आकडा कमीच पडला असता. तेव्हां पत्र फुकट होतें खरें, परंतु तें संपादकाच्या पदरचें फुकट होतें. प्रश्न वाचकानें पैसे द्यावे कीं नाहीं हा नसून, त्यानें न दिल्यास ते कोणी द्यावे, हा आहे. आणि नाटका-गाण्याच्या पत्रांच्या बाबतींत तर या प्रश्नावाचून पुढें पाऊलच टाकतां येत नाहीं.

रंगभूमीला वाहिलेलीं पत्रें आपल्याकडे निघालीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शंकर बापूजी मुजुमदार यांनीं पुण्यास 'रंगभूमि' नांवाचें मासिक चालविलें. मुजुमदार हे किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांपैकीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें चरित्रहि त्यांनींच लिहिलें. मराठी नाट्यकलेविषयीं त्यांना वाटणारी आस्था निर्विवाद आहे, आणि त्यांचें मासिक नसतें तर आपलें पुष्कळसें ज्ञान लोपलें असतें. परंतु नाटक मंडळीचा चालक नाटकाच्या मासिकाचा संपादक असणें म्हणजे वकिलानेंच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणें होय. तो कितीहि सज्जन असला तरी प्रतिपक्षाला शंका यावयाचीच.

याच्या उलट श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. १८७१ सालीं नागपुरांत जन्मलेला हा गृहस्थ प्रथम पुढें आला तो 'विक्रमशशिकला' नाटकावरील टीकेनें, आणि ती टीका आली 'विविधज्ञानविस्तारां'त. 'विस्तार' कोणत्याहि मंडळीच्या जाहिरातीवर जगत नव्हता. त्यामुळें कोल्हटकरांच्या लेखणीला कोणाची भीड धरण्याचें कारण नव्हतें. परंतु नीट पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, अशी टीका मुख्यत्वें नाटकाच्या पुस्तकाची असे. कथानक, पात्रें, पद्यें यांची. अमुक रात्रीं अमुक गांवीं काय झालें याचा तिला फारसा संबंध नसे. पुढें १८९६ सालीं कोल्हटकरांचेंच 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें, आणि टीकाकार नाटककार झाला. आपल्याकडे ही वाट नेहमींची आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं; पण टीकेची खुर्ची मात्र प्रत्येक वेळीं रिकामी होते.

प्रत्यक्ष प्रयोग पाहून, दुसऱ्या दिवशीं निर्भीडपणें लिहावयाचें, ही शिस्त इंग्लंडांत ज्यानें बसविली त्या ली हंटची गोष्ट मी वर्गांत दरवर्षीं सांगतों. १८०५ सालीं त्याच्या भावानें 'न्यूज' नांवाचें साप्ताहिक काढलें. त्यांत नाटकांवर लिहिण्याचें काम तरुण हंटकडे आलें. त्यापूर्वींची रीत अशी कीं, नाटकगृहाच्या मालकानें पत्रकारास फुकट तिकिटें द्यावीं, मेजवानी द्यावी, आणि पत्रकारानें स्तुतीचा एक परिच्छेद द्यावा. हंटनें पास नाकारले. आपलें तिकीट आपण काढावें आणि आपलें मत आपण लिहावें, एवढी साधी ती गोष्ट. पण तिच्यामुळें त्या पत्राच्या नाट्यलेखांना वजन आलें. पुढें आत्मचरित्रांत त्यानें आपल्या त्या तारुण्यांतील ऐटीची थट्टाहि केली आहे. विद्यार्थी ही गोष्ट ऐकून घेतात आणि परीक्षेंत लिहितात.

मला स्वतःला ती गोष्ट ऐकवून घ्यावी लागली ती निराळ्या प्रकारें. तरुणपणीं मी एका स्थानिक पत्रांत नाटकांवर लिहीत असें. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. एकदां मुंबईहून आलेल्या एका धंदेवाईक नाटकाविषयीं मीं लिहिलें कीं, प्रमुख नट प्रवासानें थकला आहे व संवाद गाळतो. पुढच्या आठवड्यांत त्या ठेकेदाराची जाहिरात आली नाहीं. संपादकांनीं मला बोलावलें, चहा दिला, आणि अतिशय सौजन्यानें म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुमचें म्हणणें खरें आहे, पण जरा हळू लिहा." मी हळू लिहूं लागलों. नंतर लिहिणें बंदच झालें. त्यांचा राग मला तेव्हांहि आला नाहीं. पत्राला रंजनाच्या पानावर एकच मोठा जाहिरातदार असेल तर त्या पानाचा खरा संपादक तोच असतो, एवढें मात्र समजलें.

वर्तमानपत्रानें शहराशीं गप्पा मारल्या पाहिजेत हें ज्याला आपल्याकडे प्रथम पुरतेपणीं कळलें, त्या अच्युत बळवंत कोल्हटकरांनीं आपल्या लेखणीला धार लावली ती नागपुरांत. वाईचा हा वकील येथें येऊन 'देशसेवका'चा संपादक झाला, आणि १९०८ च्या धामधुमींत राजद्रोहाच्या खटल्यांत सांपडून तुरुंगांत गेला. त्यानंतर १९१५ सालीं मुंबईस त्यांनीं 'संदेश' काढला. त्या दैनिकानें विद्वानांना नाकें मुरडावयास लावलें आणि इतर सर्वांना वाचावयास लावलें. 'वत्सलावहिनींचीं पत्रें' घरोघर वाचलीं जात. ठसठशीत मथळे, खमंग मजकूर, शेजारीण खिडकींतून बोलते तशी भाषा. यांत उथळपणा होता हें कबूल. परंतु अच्युतरावांना एक गोष्ट दिसली होती ती गंभीर संपादकांना दिसली नव्हती: माणूस सभेला जातो तसा तमाशालाहि जातो, आणि दोन्ही ठिकाणीं तो तोच माणूस असतो. हे अच्युतराव नागपुरांतच राहिले असते तर या शहराच्या रात्रींची कांहींतरी नोंद राहिली असती, असें मला पुष्कळदां वाटतें. पण राजद्रोहाच्या शिक्षेनंतर नागपूर त्यांना सुटलें, आणि गप्पा मारावयाला मुंबईसारखें गांव नाहीं हेंहि खरें.

आतां फुकट साप्ताहिकांच्या मूळ भूमीकडे वळूं. अमेरिकेंत १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज नांवाच्या वस्तींत 'व्हिलेज व्हॉइस' हें साप्ताहिक निघालें. संस्थापकांत कादंबरीकार नॉर्मन मेलर होते. मोठीं दैनिकें ब्रॉडवेवरील भपकेबाज नाटकांवर लिहीत. तळघरांत, जुन्या गोदामांत, पन्नास-शंभर माणसांपुढें होणाऱ्या नाटकांकडे पाहण्यास त्यांना सवड नव्हती. 'व्हॉइस'नें तेंच काम अंगावर घेतलें, आणि १९५६ पासून या लहान रंगभूमीसाठीं 'ओबी' नांवाचीं पारितोषिकें सुरू केलीं. हें पत्र प्रथम विकत मिळे. पुढें निघालेल्या पत्रांनीं दामहि काढून टाकला. १९७१ चें 'शिकागो रीडर' प्रथमपासून फुकट. कॉलेजांतील चारपांच मित्रांनीं काढलेलें. अंकांचे गठ्ठे पुस्तकांच्या दुकानांत, उपाहारगृहांच्या दारांत ठेवावयाचे. ज्याला हवा त्यानें उचलावा. बॉस्टनमधील अशाच एका पत्राचें १९६६ मधील मूळ नांव तर 'अंधार पडल्यानंतरचें बॉस्टन' अशा अर्थाचें होतें. माझ्या गुलाबी कागदाची जातकुळी नेमकी हीच. कोठें काय चाललें आहे याची आठवड्याची यादी, तिच्याशेजारीं त्यावरील मोकळें मत, आणि पुढें नगरपालिकेच्या कारभाराविषयीं मोठ्या दैनिकांनीं टाळलेलें कांहीं. हीं पत्रें स्वतःस पर्यायी म्हणवीत तें याच अर्थानें.

एकाच जाहिरातदाराच्या मुठींतून हीं पत्रें सुटलीं कशीं? त्यांनीं जाहिरातदार एक न ठेवतां हजार ठेवले. भाड्याची खोली, जुनें कपाट, गिटार शिकविणारा, नाटकमंडळींत पाहिजे असलेला नट, सोबतीची वाट पाहणारा एकटा जीव. प्रत्येकाच्या दोनतीन ओळींच्या लहान जाहिराती. (कांहीं पत्रांचीं मागचीं पानें कुटुंबांत मोठ्यानें वाचण्याजोगीं नव्हतीं, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या उत्पन्नावर पुढच्या पानांतील उत्तम नाट्यसमीक्षा छापली जात होती. पैशाला वास नसतो असें रोमन बादशहा म्हणाल्याचें सांगतात.) एखाद्या नाटकगृहाचा मालक रागावून गेला तर जाऊं दे, जुन्या कपाटवाल्याला त्याचें सुखदुःख नव्हतें. हंटनें जें निःस्पृहतेनें साधलें तें या लोकांनीं जमाखर्चाच्या युक्तीनें साधलें. माझ्या मतें हीच या पत्रांची सर्वांत मोठी कल्पकता, आणि आपल्याकडील पत्रांना नेमकी हीच साधली नाहीं.

त्यांचा अंतहि तेथूनच झाला. १९९५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंतील क्रेग न्यूमार्क नांवाच्या गृहस्थानें परिचितांना गांवांतील कार्यक्रमांची यादी संगणकाच्या टपालानें पाठविण्यास प्रारंभ केला; तिची पुढें 'क्रेग्जलिस्ट' झाली. तेथें खोली व कपाट यांची जाहिरात बहुतेक गांवीं फुकट देतां येऊं लागली. फुकट वाचकाच्या पत्राला फुकट जाहिरातदारानें मारलें. 'व्हॉइस'नें १९९६ सालीं न्यूयॉर्कमध्यें किंमत सोडून दिली, २०१७ मध्यें कागद सोडला, २०१८ मध्यें लेखनहि थांबविलें. २०२१ मध्यें नवीन मालकानें तें पुन्हां उभें केलें, पण जुना जोम आला असें म्हणवत नाहीं. बॉस्टनचें पत्र, 'फीनिक्स' या नांवानें नांवाजलेलें, मार्च २०१३ मध्यें बंद पडलें. त्याच्या बाबतींत एक गोष्ट मात्र आपल्याला हेवा वाटण्याजोगी झाली. त्याचें सारें दफ्तर तेथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठानें आपल्या ग्रंथालयांत ठेवून घेतलें. दाराशीं फुकट पडणाऱ्या कागदांची ही सोय.

आपल्या देशांत या जातीचें पत्र मुळींच नाहीं असें नव्हे. चेन्नईच्या मैलापूर भागांत 'मैलापूर टाइम्स' हें साप्ताहिक गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निघालें; तें त्या वस्तींत फुकट वाटलें जातें, शेजारच्या दुकानदारांच्या जाहिरातींवर चालतें, आणि मार्गळी महिन्यांतील गायनसभा, देवळांतील उत्सव, फुटपाथची दुर्दशा, हें सर्व त्याचे विषय. मैलापूर ही गाण्याची पेठ. तेथें श्रोताहि तोच, दुकानदारहि तोच. नागपुरांत असें कां होऊं नये? येथें राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत हौशी नाटकांची रीघ लागते. महेश एलकुंचवारांसारखा नाटककार याच शहरांत राहून लिहितो. पण त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ सालीं छापली ती मुंबईच्या 'सत्यकथें'त. नागपूरकराला आपल्या शेजाऱ्याचा मोठेपणा मुंबईच्या टपालानें कळावा, ही आपली जुनी रीत आहे.

पूर्वेकडे दीडशें मैलांच्या आंत तर एक सबंध रंगभूमि उभी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टींत दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडईच्या व शंकरपटाच्या निमित्तानें, रात्रभर नाटकें चालतात. वडसा येथें मंडळ्यांचीं कार्यालयें आहेत. गांवकरी तेथें येऊन नाटक ठरवितात, तिकीट काढून हजारोंनीं पाहतात. सरकारी अनुदानावांचून स्वतःच्या पायावर उभी असलेली अशी रंगभूमि महाराष्ट्रांत दुसरी क्वचित् असेल. तेथील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां आमच्या शहरांतील पुष्कळ सुशिक्षितांनीं झाडीपट्टी नाटकाचें नांव प्रथम लक्ष देऊन ऐकलें. त्या नाटकांचीं रंगीत भित्तिपत्रकें आणि गाडीवरून वाटलेलीं हस्तपत्रकें हाच त्यांचा बव्हंशीं लेखी इतिहास. आणि हंगाम संपला कीं त्यांचीं शाकारणीला पांघरुणें होतात.

आमच्याकडे आतां कागदहि उरला नाहीं. सुरेश भट सभागृहांत किंवा वसंतराव देशपांडे सभागृहांत काय आहे हें मला भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्रावरून कळतें. चित्र मोठें सुबक असतें. दिवा, फुलें, मान्यवरांचे चेहरे, 'प्रवेश विनामूल्य'. त्यावरहि वार आणि तारीख असते, आणि सन पुष्कळदां नसतें. एवढ्यापुरती परंपरा आपण अखंड राखली आहे. मात्र गुलाबी कागद गुरुचरित्रांत शंभर वर्षें टिकला. हें चित्र यंत्राचें पोट भरलें कीं मी स्वतःच्या बोटानें पुसून टाकतों.

आजीच्या कागदाविषयीं सांगावयाचें राहिलें. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर छापणाराचें नांव व गांव घालणें बंधनकारक होतें. राजद्रोही मजकुराचा धनी सांपडावा हा त्यांतील हेतु. परंतु इतिहासाला त्याचा अनपेक्षित उपयोग झाला आहे. (तो कायदा आतां २०२३ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला.) आमच्या कागदाच्या तळाशीं, भिंगाखालीं दिसेल अशी, छापखान्याची ओळ आहे, आणि तींत गांव 'नागपूर' आहे. म्हणजे खेळ नागपुरचा, याची निश्चिति झाली. कायद्याला गांव हवें होतें, साल नको होतें.

सालाकरितां जुन्या पंचांगांकडे गेलों. पौषांतील ती तिथि शनिवारीं येणारीं वर्षें आजीच्या जन्मापासून तिच्या प्रौढपणापर्यंत तीनच निघालीं. त्या त्या वेळीं तिचें वय दोन, नऊ आणि एकोणीस. एकोणिसाव्या वर्षीं ती वर्ध्यास सासरीं होती व मांडीवर मूल होतें; आणि दोन वर्षांच्या पोरीला नाटक काय आठवणार? नवव्या वर्षाचें साल मग मीं वाचनालयांत पुन्हां मागितलें. त्या हिंवाळ्यांतील अंकांची फाईल होती. पण मधले तीन आठवडे तिच्यांत नव्हते. बांधणाराला मिळाले नसावेत.

निराश होऊन कागद घडी घालूं लागलों, तेव्हां त्याची पाठ प्रथमच नीट पाहिली. पेन्सिलीनें केलेला हिशेब तेथें आहे. अक्षर पणजोबांचें, त्यांच्या रोजकीर्दीशीं ताडून पाहिलें. अक्षरें झिजलीं आहेत तरी लागतात. 'बायका ३. निम्में तिकीट १. टांगा जातांना व येतांना. पानें.' खालीं बेरीज आहे, आणि ती चुकलेली आहे.